फादर थॉमस स्टीफन्स : चरित्र आणि चरित्रसाधने

'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास परिचित आहे. त्यांच्या काव्याची भाषा, ओवीरचना आणि संतकाव्याशी असलेले नाते यांविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. मात्र त्यांच्या चरित्राचा तपशील मराठी साधनांत अत्यल्प आढळतो. तो प्रामुख्याने येशूसंघाच्या पत्रव्यवहारातून आणि कॅथलिक नियतकालिकांतून हाती येतो. प्रस्तुत लेखात स्टीफन्स यांच्या जीवनाची रूपरेषा मांडून या साधनांचे मोल तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुशटन या गावी झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांना स्वदेशात राहणे कठीण झाले होते. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यात पोहोचले. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी सासष्टी भागात व्यतीत केला. येथील भाषांची ग्रीक व लॅटिन यांच्याशी असलेली समानता त्यांनी १५८३ मध्ये बंधूला पाठविलेल्या पत्रात नोंदविली होती. विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या प्रसिद्ध प्रतिपादनाच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण विसाव्या शतकापर्यंत अप्रसिद्ध राहिले.

देशी लिपीचे खिळे पाडून घ्यावेत यासाठी त्यांनी १६०८ मध्ये संघप्रमुखांना पत्र लिहिले. परंतु ती योजना सिद्धीस गेली नाही. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीतच छापले गेले. १६१९ मध्ये स्टीफन्स निवर्तले. त्यांची 'दौत्रिन क्रिस्तां' १६२२ मध्ये, तर कोकणी भाषेचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत हाती आलेली नाही. आजचा अभ्यास हस्तलिखितांवर आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालदान्य यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीवर उभा आहे.

कवीच्या जीवनाचा शोध घेताना या ग्रंथपरंपरेच्या बाहेर जावे लागते. येशूसंघाची 'आर्किवुम हिस्तोरिकुम सोसिएतातिस येसू' ही इतिहासपत्रिका १९३२ पासून रोमहून प्रसिद्ध होते. तिच्या १९५७ च्या अंकात गेओर्ग शूरहामर यांनी स्टीफन्स यांचा मराठी कवी म्हणूनच उल्लेख करून त्यांच्यासंबंधीची नवी कागदपत्रे जर्मन भाषेतील लेखाद्वारे पुढे आणली. मराठी कवीविषयीचे महत्त्वाचे संशोधन अशा ठिकाणी असू शकते, ही बाब आपल्या संदर्भसूचींत पुरेशी उमटलेली नाही. पोर्तुगीज नोंदींत स्टीफन्स यांचे आडनाव एस्तेव्हाँव असे येते, तर काही ठिकाणी जन्मगावावरून बुस्तन असे. असा नामभेद उलगडण्यासही हीच साधने उपयोगी पडतात.

तथापि या साधनांना स्वतःची दृष्टी आहे. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. स्टीफन्स त्या काळी सासष्टीतच कार्यरत होते. कॅथलिक लेखनात ही घटना हौतात्म्य म्हणून येते. त्यापूर्वी झालेला देवालयांचा विध्वंस, तसेच नंतर आसोळणे येथे गावच्या प्रमुखांची झालेली हत्या यांना त्या कथनात दुय्यम स्थान मिळते. म्हणून तारखा, नेमणुका, पत्रे हा तपशील स्वीकारताना त्यावरील मूल्यविधान वेगळे काढून तपासणे आवश्यक ठरते. संतचरित्रकार महीपतींचे ग्रंथ वाचताना आपण हाच विवेक पाळतो. तेथे श्रद्धा आहे म्हणून आपण ते ग्रंथ त्याज्य मानीत नाही.

शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यातील महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशी नियतकालिके सहसा आढळणार नाहीत. परंतु येथून पुणे आणि गोवा दोन्ही आवाक्यात आहेत. पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ आणि पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्र यांकडे ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या संशोधकाने वळावयास हवे. स्टीफन्स यांच्या काव्याला आपण मराठी परंपरेत स्थान दिले आहे. त्यांच्या चरित्राची साधने मात्र परपंथीयांची म्हणून बाजूला ठेवली, तर कवी आपला आणि त्याचे जीवन परके, अशी विसंगती आपल्या वाङ्मयेतिहासात कायम राहील.