माथियास सिंडेलार

माथियास सिंडेलार (जन्म : १० फेब्रुवारी १९०३, मृत्यू : २३ जानेवारी १९३९, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियाचे व्यावसायिक फुटबॉलपटू होते. मध्य आक्रमक या स्थानावर खेळणारे सिंडेलार हे १९३०च्या दशकातील युरोपातील अग्रगण्य आघाडीवीरांपैकी एक मानले जातात. ऑस्ट्रियाच्या 'वुंडरटीम' अर्थात 'अद्भुत संघ' या नावाने प्रसिद्ध असलेल्या राष्ट्रीय संघाचे ते प्राण होते. अंगाने अतिशय सडपातळ असल्यामुळे आणि बचावपटूंच्या गर्दीतून वाऱ्यावरच्या कागदासारखे अलगद निसटून जात असल्यामुळे त्यांना 'देर पापीरेने', म्हणजे 'कागदी माणूस', असे टोपणनाव मिळाले होते. नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर त्यांनी जर्मन संघातून खेळण्याचे टाळले. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच त्यांचा अकाली मृत्यू झाला व त्याविषयीचे तर्कवितर्क आजही थांबलेले नाहीत.

बालपण

सिंडेलार यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील मोराव्हिया प्रांतात, कोझलोव्ह या खेड्यात एका चेक कुटुंबात झाला. हे खेडे आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे वडील गवंडीकाम करीत. कामाच्या शोधात हे कुटुंब १९०५च्या सुमारास व्हिएन्नातील फावोरिटेन या कामगारवस्तीत येऊन राहिले. तेथे वीटभट्ट्या होत्या व चेक मजुरांची मोठी वसाहत होती. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात वडील इसोन्झो आघाडीवर मारले गेले आणि घराचा भार आईवर पडला. माथियास यांनी कुलपे व लोखंडी काम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. फुटबॉलचे धडे मात्र त्यांनी वस्तीतील गल्ल्यांत व मोकळ्या पटांगणांत गिरवले. चिंध्यांच्या चेंडूने, अरुंद जागेत, अंगावर येणाऱ्या मोठ्या मुलांना चकवत खेळलेला तो खेळ त्यांच्या पुढील शैलीत अखेरपर्यंत दिसत राहिला.

क्लब कारकीर्द

१९१८ मध्ये ते फावोरिटेनमधील हेर्था या क्लबात दाखल झाले. १९२३ मध्ये पोहण्याच्या तलावावर घसरून त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्या काळी अशी दुखापत म्हणजे खेळाडूच्या कारकिर्दीचा शेवटच समजला जाई. हान्स श्पित्सी या शल्यविशारदाने केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मात्र त्यानंतर सिंडेलार नेहमी गुडघ्याला पट्टी बांधूनच मैदानात उतरत आणि शक्यतो अंगाला अंग भिडू देत नसत. ज्याला त्यांचे लालित्य म्हटले गेले, त्यामागे या दुखऱ्या गुडघ्याची सावधगिरीही होती, हे विसरता येत नाही.

१९२४ मध्ये ते व्हिएन्नाच्या आमाटुरे या क्लबात आले. त्याच वर्षी ऑस्ट्रियात व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली. ब्रिटनबाहेर युरोपात अशी ही पहिलीच लीग होती. 'हौशी' असा अर्थ असलेले नाव व्यावसायिक संघाला विसंगत ठरल्याने १९२६ मध्ये क्लबाने 'ऑस्ट्रिया व्हिएन्ना' हे नाव घेतले. कॉफीगृहांत बसणारा सुशिक्षित मध्यमवर्ग आणि शहरातील ज्यू समाज यांचा या क्लबाला मोठा पाठिंबा होता. क्लबाने सिंडेलार यांच्या काळात एकदा (१९२५-२६) लीगचे विजेतेपद व पाच वेळा ऑस्ट्रियन चषक जिंकला.

मध्य युरोपातील क्लबांची मित्रोपा चषक ही त्या काळातील अत्यंत प्रतिष्ठेची स्पर्धा होती. १९३३च्या अंतिम फेरीत ऑस्ट्रिया व्हिएन्नाची गाठ मिलानच्या आंब्रोझियाना-इंटर या संघाशी पडली. त्या संघात जुझेप्पे मेआत्सा होते. मिलानमधील पहिला सामना २-१ असा गमावल्यावर व्हिएन्नातील दुसरा सामना क्लबाने ३-१ असा जिंकला. हे तिन्ही गोल सिंडेलार यांचे होते. १९३६ मध्ये स्पार्टा प्रागला हरवून क्लबाने हा चषक पुन्हा मिळवला.

राष्ट्रीय संघ

सप्टेंबर १९२६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय संघातून पदार्पण केले व त्या सामन्यात गोलही केला. मात्र संघाचे सूत्रधार ह्यूगो माइझ्ल यांच्याशी त्यांचे खेळाच्या पद्धतीवरून पटेना. १९२९च्या आरंभी दक्षिण जर्मनीच्या संघाकडून बर्फाळ मैदानावर झालेल्या ५-० अशा पराभवानंतर त्यांना दीर्घकाळ संघाबाहेर राहावे लागले. माइझ्ल यांना एका कॉफीगृहात गाठून क्रीडापत्रकारांनी सिंडेलार यांच्यासाठी आग्रह धरला व त्यामुळे त्यांचे पुनरागमन झाले, असे सांगितले जाते.

१६ मे १९३१ रोजी ऑस्ट्रियाने स्कॉटलंडचा ५-० असा पराभव केला. स्कॉटलंडचा संघ पूर्ण ताकदीचा नव्हता, ही गोष्ट खरी. पण पुढील निकालांनी शंकेला जागा ठेवली नाही. जर्मनीला बर्लिनमध्ये ६-० व व्हिएन्नात ५-०, स्वित्झर्लंडला ८-१, आणि एप्रिल १९३२ मध्ये हंगेरीला ८-२ असे हरवण्यात आले. हंगेरीविरुद्ध सिंडेलार यांनी तीन गोल केले व शाल यांना चार गोल करता आले. हा संघ सलग १४ सामने अपराजित राहिला. सिंडेलार गोलजवळ थांबून चेंडूची वाट पाहत नसत. ते मागे येत, छोट्या पासांनी प्रतिस्पर्ध्यांची फळी विस्कळीत करीत आणि मोकळ्या झालेल्या जागेत सहकाऱ्यांना सोडत. मध्य आक्रमकाने मागे सरकून खेळण्याची ही रीत पुढे १९५०च्या दशकातील हंगेरीच्या संघाने जगप्रसिद्ध केली.

७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये इंग्लंडने ही अपराजित मालिका ४-३ अशी खंडित केली. त्या पराभवातही सिंडेलार यांच्या गोलाची व खेळाची ब्रिटिश वृत्तपत्रांनी प्रशंसा केली. १९३४च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाने फ्रान्स व हंगेरी यांना हरवून उपांत्य फेरी गाठली. मिलानमधील चिखलाने भरलेल्या मैदानावर यजमान इटलीने त्यांना १-० असे हरवले. लुईस मोंती या दणकट खेळाडूने सिंडेलार यांना जखडून ठेवले, आणि छोट्या पासांचा खेळ त्या चिखलात रुतला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सिंडेलार खेळू शकले नाहीत. ४३ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यांनी २५ हून अधिक गोल केले.

१९३८ व त्यानंतर

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. विश्वचषकासाठी पात्र ठरलेला ऑस्ट्रियाचा संघ स्पर्धेतून बाद झाला, व्यावसायिक फुटबॉल बंद करण्यात आले आणि ज्यू पदाधिकाऱ्यांची क्लबांतून हकालपट्टी झाली. क्लबाचे पदच्युत अध्यक्ष मिशेल श्वार्त्स यांना अभिवादन करण्यास खेळाडूंना मनाई होती. सिंडेलार यांनी ती पाळली नाही, असे सांगितले जाते.

३ एप्रिल १९३८ रोजी व्हिएन्नात जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्यात तथाकथित 'पुनर्मीलनाचा' सामना खेळवण्यात आला. ऑस्ट्रियाने तो २-० असा जिंकला. पहिला गोल सिंडेलार यांनी आणि दुसरा कार्ल सेस्टा यांनी केला. पूर्वार्धात सिंडेलार यांनी मुद्दाम सोप्या संधी दवडल्या व गोल झाल्यावर नाझी अधिकाऱ्यांसमोर नाचून आनंद व्यक्त केला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिच्यात भर किती पडली हे ठरवणे कठीण आहे. निश्चित आहे ते एवढेच की तो त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. जर्मन संघात येण्याच्या निमंत्रणाला त्यांनी वय व दुखापतीचे कारण देऊन नकार दिला.

याच वर्षी त्यांनी फावोरिटेनमधील एक कॉफीगृह विकत घेतले. त्याचे मूळ मालक लेओपोल्ड ड्रिल हे ज्यू होते व त्या काळच्या कायद्यांमुळे त्यांना ते सोडावे लागले. पुढे ड्रिल यांची रवानगी तेरेझिनश्टाट येथील छळछावणीत झाली व तेथेच त्यांचा अंत झाला. सिंडेलार यांनी परिचिताला रास्त किंमत देऊन मदत केली, असे त्यांचे चाहते दीर्घकाळ मानत आले. पुढील संशोधनाने मात्र हा व्यवहार ज्यूंच्या मालमत्ता बळकावण्याच्या सरकारी यंत्रणेचाच भाग होता, याकडे लक्ष वेधले. नाझीविरोधी वीर ही त्यांची प्रतिमा त्यामुळे पूर्वीसारखी निर्विवाद राहिलेली नाही.

मृत्यू

२३ जानेवारी १९३९ रोजी व्हिएन्नातील एका घरात सिंडेलार मृतावस्थेत आढळले. त्यांची मैत्रीण कामिला कास्तान्योला बेशुद्ध होती. शुद्धीवर न येताच रुग्णालयात तिचाही मृत्यू झाला. कार्बन मोनॉक्साइड वायूने गुदमरून अपघाती मृत्यू, असा अधिकृत निष्कर्ष काढण्यात आला व धुराड्यातील दोष हे कारण मानले गेले. आत्महत्या आणि खून असे दोन्ही संशय तेव्हापासून व्यक्त होत आले. दोहोंसाठीही ठोस पुरावा पुढे आलेला नाही. लेखक फ्रीडरिश टोर्बेर्ग यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या कवितेमुळे आत्महत्येची कल्पना विशेष रूढ झाली. अंत्ययात्रेला सुमारे १५,००० लोक उपस्थित होते. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे. फावोरिटेनमधील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले असून, १९९९ मध्ये विसाव्या शतकातील ऑस्ट्रियाचा सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू म्हणून त्यांची निवड झाली.