शिरपामाळावर थांबलात, तर विक्रमशहांनाही भेटा

पावसाळ्यात जव्हारची ट्रिप ठरली, की यादी बहुतेक सारखीच असते. दाभोसा धबधबा, जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट आणि जाता जाता शिरपामाळ. शिरपामाळावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या भेटीचं स्मारक आहे. तिथे फोटो काढून आपण निघतो. पण त्या माळावर तेव्हा दोन राजे भेटले होते. महाराजांचं चरित्र तुम्ही शाळेपासून वाचलंय. दुसऱ्या राजाचं नाव विक्रमशहा मुकणे. आज त्यांची ओळख करून घ्या.

विक्रमशहा जव्हारच्या महादेव कोळी राजघराण्यातले. हे घराणं तेव्हाही जुनंच होतं. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी इथे सत्ता उभी केली. त्यांचे पुत्र नेमशहा यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, ती ५ जून १३४३ रोजी. जव्हार संस्थानाने त्या दिवसापासून स्वतःची कालगणनाच सुरू केली. विक्रमशहांच्या काळापर्यंत या राज्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली होती.

आता डोळ्यांसमोर नकाशा आणा. पूर्वेला घाटावर नाशिक-त्र्यंबकचा मुघल मुलूख. पश्चिमेला किनाऱ्यावर वसई आणि दमणचे पोर्तुगीज. दक्षिणेला कल्याणपर्यंत पोचलेलं स्वराज्य. उत्तरेला रामनगरचं राज्य आणि त्यापलीकडे सुरत, मुघलांचं श्रीमंत बंदर. या सगळ्यांच्या मधोमध जव्हार! त्र्यंबकहून मोखाड्यामार्गे एसटीने जव्हारला याल, तेव्हा खिडकीतून डोंगर आणि दऱ्या नीट बघा. हा मुलूख ज्याच्या हातात, त्याच्या हातात सुरतेची वाट. विक्रमशहांचं बळ तेच होतं आणि संकटही तेच.

सुरतेच्या पहिल्या स्वारीला निघालेले महाराज याच वाटेने आले. सुरत लुटली गेली जानेवारी १६६४ मध्ये; जव्हारची भेट त्याच्या थोडे दिवस आधीची. विक्रमशहांनी महाराजांचं स्वागत केलं आणि त्या मोहिमेत साथही दिली. त्यांनी महाराजांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला, त्यावरून माळाला शिरपामाळ नाव पडलं, असं जव्हारचे लोक सांगतात.

स्मारकावरची गोष्ट इथे थांबते. विक्रमशहांचं आयुष्य मात्र थांबलं नाही.

मैत्री टिकली नाही. पुढच्या आठ वर्षांत राजकारण पार बदललं. १६७० मध्ये सुरतेवर दुसरी स्वारी झाली. १६७२ च्या सुरुवातीला साल्हेरच्या लढाईत मराठ्यांनी मुघलांना हरवलं. आता सुरतेकडे जाणारी कायमची, बिनधोक वाट हवी होती आणि ती जव्हारमधून जात होती. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन आले आणि त्यांनी जव्हार जिंकलं. १७ लाखांचा खजिना हाती लागला. विक्रमशहांना राज्य सोडून मुघलांच्या मुलखाकडे जावं लागलं. पाठोपाठ रामनगरही पडलं आणि कल्याणपासून सुरतेपर्यंतचा रस्ता मोकळा झाला.

मग यात चूक कोणाची? परीक्षेसारखं एका ओळीत उत्तर शोधू नका. महाराजांना स्वराज्य वाढवायचं होतं, विक्रमशहांना पूर्वजांचं राज्य राखायचं होतं. दोघांच्याही बाजूने विचार करून बघा. डोंगरातल्या छोट्या राजाला दोन मोठ्या सत्तांच्या मधे उभं राहताना काय काय तोलावं लागलं असेल, हे तेव्हा कळतं.

मुकणे घराणं मात्र संपलं नाही. त्यांची गादी पुढे मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या काळातही टिकली. १९४८ मध्ये जव्हार मुंबई राज्यात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे तर पुढे मतं मागून लोकसभेत निवडून गेले.

म्हणून पुढच्या वेळी शिरपामाळावर गेलात, की फोटो जरूर काढा. पण सोबतच्या मित्राला १६६४ बरोबर १६७२ सुद्धा सांगा. आणि तुम्ही जव्हार-मोखाड्याचेच असाल, तर आपल्या मातीतल्या या राजाची पुढची गोष्ट पाहुण्यांना तुम्हीच सांगायला हवी. स्मारकावर एका भेटीपुरतीच जागा असते.