गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म : कोतळूक, ९ मे १८६६, मृत्यू : पुणे, १९ फेब्रुवारी १९१५) हे नेमस्त पक्षाचे अग्रणी, अर्थशास्त्राचे व्यासंगी, संसदपटू आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक होते. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. १८९७ मध्ये त्यांना मागावी लागलेली जाहीर माफी हा त्यांच्या जीवनातील सर्वांत वादग्रस्त प्रसंग ठरला.

पूर्वायुष्य

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि त्यांना शिकवले. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य या नात्याने त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली ते सार्वजनिक सभेचे चिटणीस व तिच्या त्रैमासिकाचे संपादक झाले. आगरकरांच्या 'सुधारक' पत्राच्या इंग्रजी विभागाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

१८९७ चे माफी प्रकरण

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ मध्ये गोखले इंग्लंडला गेले. त्यांच्या अभ्यासपूर्ण साक्षीची प्रशंसा झाली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती आणि रँड यांच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घरोघरी शिरून तपासणी करत होते. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे पुण्यातील विश्वासू परिचितांकडून गोखले यांना आली. त्यांवर विसंबून त्यांनी हे आरोप ब्रिटिश खासदारांपुढे आणि 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रातून मांडले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोपांचा इन्कार करून पुरावा मागितला.

दरम्यान २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि पुण्यातील वातावरण पालटले. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली व नातू बंधूंना स्थानबद्ध करण्यात आले. अशा वेळी गोखले मुंबईत उतरले. ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांची नावे उघड झाली असती तर त्यांच्यावर सरकारी रोष ओढवला असता. स्वतः ती मंडळीही पुढे येण्यास तयार नव्हती. नावे सांगितल्याविना आरोप सिद्ध करणे अशक्य होते. गोखले यांनी नावे गुप्त ठेवली. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी आरोप विनाशर्त मागे घेतले आणि गव्हर्नर व प्लेगच्या कामावरील सैनिक यांची वृत्तपत्रांतून माफी मागितली.

या माफीने कोणाचेच समाधान झाले नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना खोटे आरोप करणारा ठरवले. स्वदेशीयांपैकी अनेकांनी भित्रेपणाचा ठपका ठेवला. माफी न मागता तुरुंगवास पत्करणाऱ्या टिळकांशी त्यांची तुलना होऊ लागली. त्या वर्षअखेरीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही. मात्र दोघांची स्थिती भिन्न होती. टिळकांवरील खटला त्यांच्याच पत्रात प्रसिद्ध झालेल्या लेखनाबद्दल होता. गोखले यांनी शब्द मागे घेतले नसते, तर त्याची किंमत इतरांना मोजावी लागली असती. माफीमुळे त्या मंडळींचे संरक्षण झाले, परंतु मूळ आरोपांची निःपक्षपाती तपासणी व्हायची ती राहूनच गेली.

नंतरची कारकीर्द

या घटनेचा गोखले यांच्या मनावर खोल आघात झाला, तरी त्यांनी सार्वजनिक जीवन सोडले नाही. प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा त्यांनी पुण्यात स्वयंसेवक म्हणून काम केले. १८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळावर, तर १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळावर निवडून गेले. तेथील अर्थसंकल्पावरील त्यांची भाषणे आकडेवारीच्या अचूकपणामुळे गाजली. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाऊन त्यांनी तेथील हिंदी लोकांच्या लढ्यास पाठबळ दिले.

मृत्यू

अतिश्रम व मधुमेह यांमुळे खालावलेल्या प्रकृतीतच वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. राजकारणात आजन्म विरोधी राहिलेले टिळक त्यांच्या अंत्यसंस्काराला उपस्थित होते आणि तेथे त्यांनी गोखले यांच्या देशसेवेचा गौरव केला.