दुभाषी शेतकरी

कॉनराड वाइझर याचा जन्म १६९६ साली जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात झाला. युद्धांनी व दारिद्र्याने तेथील लोक गांजले होते. आई वारल्यावर वडील मुलाबाळांसह देश सोडून निघाले आणि १७१० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क या इंग्रजांच्या वसाहतीत येऊन पोहोचले.

तेथे मोहॉक या मूळ रहिवाशांची गावे होती. त्यांची भाषा आल्यावाचून त्यांच्याशी सलोख्याने राहणे कठीण, हे ओळखून वडिलांनी सोळा वर्षांच्या कॉनराडला त्यांच्यात राहावयास धाडले. त्या हिवाळ्यात त्याने कडाक्याची थंडी व उपासमार सोसली; पण सुमारे आठ महिन्यांनी तो परतला, तेव्हा मोहॉक भाषा त्याला चांगली अवगत झाली होती.

१७२९ साली वाइझर पेनसिल्व्हेनिया वसाहतीत जाऊन शेती करू लागला. मोहॉक व इतर पाच जमातींचा मिळून इरोक्वॉय संघ झाला होता. त्या संघाचा प्रतिनिधी शिकेलमी याच्याशी वाइझरची मैत्री जडली. पुढे वसाहतीच्या सरकारने त्याला दुभाषी नेमले. १७३७ च्या हिवाळ्यात, संघाचे दक्षिणेकडील जमातींशी असलेले वैर मिटावे म्हणून तो शिकेलमीसह ओनोंडागा या संघाच्या मुख्य गावी निघाला. बर्फ तुडवून व उपाशी चालून तो इतका खचला, की मरणाची वाट पाहत झाडाखाली बसून राहिला. शिकेलमी मागे फिरला आणि धीर देऊन त्याने मित्राला उठवले.

गावकऱ्यांचे तंटे सोडवणारा न्यायाधीश म्हणूनही वाइझरने काम केले. रेडिंग शहराच्या उभारणीस त्याने हातभार लावला.

त्याच्या कार्याला एक काळी बाजूही होती. १७४२ साली फिलाडेल्फियाच्या सभेत इरोक्वॉय प्रमुखाने लेनापे लोकांना त्यांची भूमी सोडण्यास बजावले. हे वसाहतीच्या सोयीचे होते आणि सभेचा दुभाषी वाइझरच होता. तो अन्याय लेनापे विसरले नाहीत. १७५५ साली सरहद्दीवरील शेतवाड्यांवर हल्ले झाले, तेव्हा जवळजवळ साठीला आलेल्या वाइझरला शेतकऱ्यांची फौज उभारावी लागली. अखेर १७५८ साली ईस्टन येथे लेनापे लोकांशी समेट झाला. तेथेही तो उपस्थित होता.

१७६० साली आपल्या शेतावरच त्याने देह ठेवला. त्याच्या भाषाज्ञानाने अनेक वेळा शांतता राखली, तर एकदा दुर्बलांवरील अन्यायालाही साहाय्य केले. ज्याला दोन्ही बाजूंची भाषा कळते, त्याच्यावर दोन्ही बाजूंना न्याय देण्याची जबाबदारीही असते.