हिपोक्रेटिस आणि टकलाचे कोडे

वैद्यकशास्त्राचे जनक मानले जाणारे हिपोक्रेटिस यांचा जन्म इ.स.पूर्व ४६० च्या सुमारास ग्रीसमधील कोस बेटावर झाला. वडील वैद्य होते. पहिले धडे घरातच मिळाले. आजार म्हणजे देवाचा कोप, असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी रुग्णाला नीट न्याहाळण्यावर आणि आहार, ऋतू, वय यांची नोंद ठेवण्यावर भर दिला. पुढे थेसली प्रांतात फिरून त्यांनी रुग्ण तपासले, शिष्य घडवले. इ.स.पूर्व ३७० च्या सुमारास लारिसा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पुतळ्यांत डोक्यावर टक्कल आणि कडेने केसांची झालर दिसते. हे पुतळे नंतरच्या काळातले. तरी टक्कल पडल्यावर उरणाऱ्या त्या झालरीला त्वचारोगतज्ज्ञ आजही त्यांचेच नाव देतात.

त्यांच्या नावावरील ग्रंथ अनेकांनी लिहिले आहेत. त्यांत केसगळतीवर कबुतराची विष्ठा, जिरे, मुळा, कांदा यांचे लेप सांगितले आहेत. लेप निरुपयोगी ठरले. पण एक निरीक्षण अचूक निघाले. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, अशी नोंद तिथे आहे. का, हे मात्र तेव्हा कळण्यासारखे नव्हते.

उत्तर मिळायला २३ शतके लागली. लहानपणीच अंडकोष गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस विरळ होतात, असे अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक, दोन्ही लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटीमुळे केसांची मुळे आक्रसत जातात.

फिनास्टराइड हे डीएचटी कमी करते. काहींना त्यामुळे लैंगिक तक्रारी किंवा उदासीनता जाणवते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, म्हणून पुढे डोक्याला लावायला आले. दोन्ही बंद केली की काही महिन्यांत फायदा ओसरतो. स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट टोचण्याचे परिणाम सर्वांत सारखे नाहीत. मूळपेशींचे उपचार अजून प्रयोगावस्थेत आहेत.

उमरखेडपासून मुंबईपर्यंत लग्नाच्या वयाची मुले हमखास केस उगवण्याच्या तेलावर पैसे घालवतात. कपाळ आणि टाळूपासून सावकाश वाढणारे टक्कल अशा तेलाने थांबत नाही. मात्र केस अचानक किंवा चकत्यांनी गळत असतील, किंवा जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात घडले तसे अनेकांचे एकदम गळत असतील, तर कारण वेगळे असते. अशा वेळी तेल न शोधता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.