वीस पौंडांचा संसार

फॅनी बुलक वर्कमन हे नाव हिमालयाच्या वाटा तुडवणाऱ्यांना ठाऊक असते. मला या बाईंची ओढ लागली ती त्यांच्या सामानाच्या यादीमुळे. बँकेच्या नोकरीत आयुष्यभर तारणाच्या, दागिन्यांच्या, गोदामातल्या मालाच्या याद्या तपासल्या की माणसाला एक खोड जडते. यादी दिसली की तिच्यामागचा माणूस शोधावासा वाटतो.

बाईंचा जन्म १८५९ सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. घरी लक्ष्मी पाणी भरत होती. नवरा विल्यम हंटर वर्कमन हा पेशाने डॉक्टर, वयाने बारा वर्षांनी मोठा. १८८९ मध्ये हे कुटुंब जर्मनीत राहायला गेले. १८९३ मध्ये लहानगा मुलगा आजारात गेला. मुलीला बोर्डिंग शाळेत ठेवून नवराबायको सायकलवर बसले. या दुःखाचा आणि त्या चाकांचा संबंध कसा लावायचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. घरात बसून राहणे बाईंना जमले नाही, एवढे खरे.

१८९५ मध्ये त्यांनी स्पेन पालथा घातला. २,८०० मैलांचा प्रवास, आणि माणशी सामान फक्त वीस पौंड. वीस पौंड म्हणजे नऊ किलो. आपल्याकडे दोन दिवसांच्या लग्नाला निघालेल्या घरात एवढे वजन नुसत्या साड्यांचे भरते.

मग १८९७ च्या अखेरीस ही जोडी आपल्या बाजूला आली. बाई अडतीस वर्षांच्या, डॉक्टर पन्नाशीचे. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत हिंदुस्थान त्यांनी सायकलवर पाहिला. पुढे १९०४ मध्ये निघालेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी चौदा हजार मैलांचा आकडा घातला.

आता ती यादी. चहा, साखर, बिस्किटे, चीज, डबाबंद मांस आणि पाणी. प्रत्येकी एक ब्लँकेट. उशा. लिहिण्याचे साहित्य. औषधे आणि सायकल दुरुस्तीची हत्यारे. संपली यादी. मिळेल त्या छपराखाली पाठ टेकायची, मग तिथे उंदरांचा सुळसुळाट का असेना. एवढ्या काटकसरीत उशी मात्र हवी, हे मला फार आवडते. माणूस कितीही कणखर असो, कुठल्यातरी एका सुखावर त्याचे पाणी सोडवत नाही. आणि उशीइतकीच कागद-लेखणीही हवी. पाहिलेले लिहून ठेवायचे, हा त्या प्रवासाचा अर्धा हेतूच होता.

हत्यारांचे महत्त्व आमच्या खुटबावच्या माणसाला सांगावे लागत नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे आमचे गाव. लहानपणी तिथे सायकल म्हणजे घरचे जनावरच होते. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, वर पेंडेचे पोते, आणि सगळे आवळायला जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. वजन खाली आणि चाकाला धरून ठेवायचे, दोन्ही बाजू तोलून बांधायच्या. उंच रचलेले ओझे उतारावर माणसाला सायकलीसकट खेचते, हे तिथले शेंबडे पोरही जाणते.

आणि बाभळीचे काटे! ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की खूण करायची, पॉलिशपेपरने घासून सोल्यूशन लावायचे, ते सुकले की ठिगळ दाबायचे. ट्यूब आत घालण्याआधी टायरमधून बोट फिरवून काटा शोधायचा. तो राहिला तर पुढच्या फर्लांगावर पुन्हा तेच. वर्कमन पतिपत्नींना एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागली. आम्ही तीन झाली की सायकल खांद्यावर घेत असू.

सायकलवरचा हिशेब चोख असतो. जे उचलले, ते आपल्याच पायांनी ओढायचे. एक जादा भांडे घेतले तर त्याचे व्याज प्रत्येक चढावर भरायचे. पण हिमालय दिसला आणि बाईंचा हिशेब बदलला. १८९८ पासून त्या पहाडांत शिरू लागल्या. आता तंबू आले, शिधा आला, मोजमापाची उपकरणे आली. हे ओझे वाहायला हमाल आले, आणि त्यांच्याशी भांडणे आली. १८९८ मध्ये सिक्कीमच्या बाजूची पहिलीच मोहीम फसली. हवामान आडवे आले, हमाल अडून बसले. पुढेही हमाल सोडून जात राहिले. बाईंनी लिहिताना दोष बहुतेक त्यांच्याच पदरी टाकला. थंडीत, तुटपुंज्या कपड्यांवर, दुसऱ्याच्या छंदाचे ओझे वाहणाऱ्याला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांना फारसा पडलेला दिसत नाही.

कर्तृत्व मात्र मोठे. १९०६ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नुन-कुन भागातले पिनॅकल शिखर त्यांनी गाठले. उंची ६,९३० मीटर. स्त्रियांमधला तो विक्रम १९३४ पर्यंत टिकला. १९१२ मध्ये सियाचेनच्या बर्फावर, एकवीस हजार फुटांवर, स्त्रियांना मताधिकार मागणारे वर्तमानपत्र हातात धरून त्यांनी छायाचित्र काढून घेतले. त्याच मोहिमेत एक इटालियन हमाल हिमभेगेत पडून मेला. बाई थोडक्यात वाचल्या.

आमच्या शेजारच्या यवतला आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी, आणि दिंडीचे तंबू नि भांडी ट्रकात. ओझे दुसऱ्यावर टाकणे यात पाप नाही. एकट्याने सगळे वाहायचे ठरवले तर कोणी पंढरपूरही गाठणार नाही. पण मुक्कामावर भात शिजला की ट्रक हाकणाराही त्याच पंगतीला बसतो. बाईंच्या तंबूंत ही पंगत कमी पडली, असे मला वाटते.

१९२५ मध्ये फ्रान्समधल्या कान येथे त्या वारल्या. जाताना अमेरिकेतल्या चार महिला महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवून गेल्या. मुलींनी शिकावे, निघावे, ही त्यामागची इच्छा. हल्ली सोलापूर रस्त्याने सायकलवर तंबू बांधून निघालेली मुले-मुली दिसतात, तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या मागच्या पिशव्यांकडे जाते. त्यात काय काय आहे ते दिसत नाही, पण ते ज्याचे त्याने ओढलेले असते, एवढे नक्की.