केडगावची माउली : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई म्हणजे संस्कृत शिकलेल्या मोठ्या विदुषी, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण त्या स्वतः दुष्काळात उपाशी फिरल्या होत्या, हे बाईंनी वर्गात सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोक रागावले होते. पुढे हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव पायी हिंडू लागले. आईने रमाबाईंकडून हजारो श्लोक पाठ करून घेतले. (आम्हाला दहा होईनात!) मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. अंगावर धड पांघरूण नव्हतं. एकदा कडाक्याच्या थंडीत दोघांनी नदीकाठी खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून रात्र काढली.

१८७८ साली कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पण पुढे भाऊ गेला, १८८२ साली पतीही गेले. जवळ उरली लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत बालविधवांसाठी 'शारदा सदन' काढले. ते नंतर पुण्यास नेले. तिथल्या काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, म्हणून १८९३ साली मोठा वाद झाला आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पालकांचा राग मला समजतो. पण ज्यांना न्यायला कोणीच येणार नव्हतं, अशा मुलींचं काय?

अशा मुली पुढे खरंच आल्या. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. कोणी हाडांचा सापळा, कोणी आजारी. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती. मग केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. (हे दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरजवळचं नव्हे.) तिथे 'मुक्ती सदन' उभे राहिले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, तेव्हा संख्या दीड हजाराच्या वर गेली! इतक्या तोंडांना रोज भाकरी कुठून आणायची? अमेरिका, इंग्लंड अशा देशांतल्या चर्चमधली माणसं पैसे पाठवीत. ती मुलींना कधी भेटणारही नव्हती. पण सगळं पैशाने होत नाही. विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, गाई पाळल्या, माग बसवले, छापखानाही घातला. मोठ्या मुली लहानग्यांना न्हाऊ घालत, भरवत, जवळ घेऊन निजत. मनोरमाबाई आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवीत.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावची त्यांची संस्था आजही निराधार मुलींना सांभाळते.